जवारीच्या रानातली फीत

मी एक जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, टेपरेकॉर्डर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कॅसेट घालायचा तो चपटा डबा येत असेल. तो माझा धाकटा भाऊ. अंगानं हलका आणि तोंडानं फाजील. लग्नात, जत्रेत, पानटपरीवर, कुठंही बसून गळा काढणारा. त्याच्याविषयी मी फार बोलणार नाही. माझं वजन पंधरा किलो. माझ्या डोक्यावर ताटलीएवढ्या दोन चकत्या असतात. एकीवरची तपकिरी फीत सुटते, माझ्या हेडला, म्हणजे माझ्या कानाला, हलकेच घासून पुढं जाते आणि दुसरीवर गुंडाळली जाते. माझ्या कपाळावर एक हिरवा डोळा आहे. आवाज चढला की तो मिटत येतो, शांत झालं की पुन्हा उघडतो. मी ऐकतो तो असा, डोळा मिटून.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी जे ऐकलं तेवढंच मला बोलता येतं. स्वतःच्या मनातलं एक अक्षरही माणसांना सांगता येत नाही. तुमच्याशी बोलतोय ते निराळं, कारण मुलांना वस्तूंचं ऐकू येतं. पण मोठ्या माणसांपुढं मी मुका. याच मुकेपणानं मला पुढं तीस वर्षं छळलं.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथलं आता फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेली एक बाई माझ्या तारा जोडताना तोंडातल्या तोंडात गुणगुणत असे, तेवढं आठवतं. मग जहाज, मग हैदराबादेतल्या कुण्या नवाबसाहेबांची बैठक, आणि शेवटी तिथलाच जुन्या सामानाचा बाजार. १९७४ साली तिथं मला रेणुकादास गुरुजी भेटले. लातूरच्या एका मुलींच्या शाळेत ते संगीत शिकवत. एस.टी.च्या टपावर ठेवलं तर धक्के बसतील म्हणून त्यांनी मला हैदराबादपासून लातूरपर्यंत मांडीवर घेतलं. उतरले तेव्हा त्यांच्या पायांना इतक्या मुंग्या आल्या होत्या की हमालाला आधी त्यांना उभं करावं लागलं आणि मग मला.

लोक माझ्यावर गाणी ऐकत. गुरुजींनी माझ्यासोबत गाणी घडवली. त्यांच्या पत्नी प्रमोदिनीकाकू तंबोरा फार सुरेल छेडत, पण घरकाम टाकून तासन्‌तास कोण बसणार? मग गुरुजींनी त्यांच्या तंबोऱ्याची फीत कापली, दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवली आणि तिचा भला मोठा फेरा केला. तो फेरा माझ्या हेडवरून निघायचा, खिडकीत ठेवलेल्या पितळी तांब्याला वळसा घालायचा आणि परत यायचा. काकू स्वयंपाकघरात भाकरी थापत असायच्या आणि बाहेरच्या खोलीत त्यांचाच तंबोरा न थांबता वाजत राहायचा. एका आवाजावर दुसरा चढवायचा असेल तर गुरुजी माझ्या पुसणाऱ्या हेडवर पोस्टकार्डाचा तुकडा सरकवत. मग जुना आवाज पुसला जात नसे, नवा त्याच्या शेजारी येऊन बसे. माझी चाल निम्मी केली की हार्मोनियमची सुरावट विहिरीतून आल्यासारखी घुमे. संध्याकाळच्या उन्हात ती फीत खोलीभर तरंगायची. मला वाटायचं, मी यंत्र नाहीच, कुणाच्या तरी झोपेतलं गाणं आहे.

गुरुजींना एकच खोड होती. त्यांना स्वच्छ आवाज हवा असे. कुणी खोकलं, बांगडी वाजली, बाहेर सायकलची घंटी झाली, की ते ब्लेड घेऊन तेवढी फीत कापून काढत. "खराबी गेली," असं म्हणत आणि दोन टोकं तिरप्या कापानं इतकी बेमालूम जोडत की माझ्या हेडलाही कळू नये. मलाही त्याचा अभिमान वाटे. दोघेही मूर्ख होतो, दुसरं काय.

१९८९ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत गुरुजी मला घेऊन औशाच्या पुढं, किल्लारीच्या अंगाला असलेल्या एका लहान गावी गेले. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या तिथल्या गुणाबाईचा गळा फार गोड आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं. शाळेच्या ओसरीवर मला मांडलं, वायर जोडली, आणि गुणाबाईला माझ्यासमोर बसवलं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

"गुरुजी, जात्याबिगर व्हवी फुटत न्हाई," ती लाजून म्हणाली. "हात रिकामा असला की गळाबी रिकामा."

मग माझी वरात तिच्या घरी. जातं रिकामं फिरवायचं नाही, अशी तिथली रीत, म्हणून तिनं खरीखुरी जवारी घेतली. खुंटा फिरला, घरघर सुरू झाली, आणि तो आवाज आला.

जवारीचं माझं पीठ पांढरं गं दुधावाणी,
लेक माझी शिकतिया, अक्षरं गं मोत्यावाणी.

माझा डोळा आपोआप मिटला. पण गुणाबाई सलग गाईल तर शपथ! एक ओवी झाली की मध्येच, "गुरुजी, च्या घेता का? बिनदुधाचा हाय." दुसरी झाली की, "आता गं बया, दूध उतू गेलं वाटतं." तिसऱ्या ओवीच्या ऐन मध्यावर ती ओरडली, "सुकन्ये! ती कोंबडी पिठात शिरली बघ, हाकल की गं!" आणि अंगणातून तिच्या नऊ वर्षांच्या लेकीचा आवाज आला, "हाकलते गं आई!" गुरुजींनी कपाळाला हात लावला. सुकन्या हसत हसत कोंबडीमागं धावली आणि जाताना माझ्या हिरव्या डोळ्यात डोकावून गेली.

लातूरला आल्यावर गुरुजींनी ब्लेड काढलं. अर्ध्या तासाची फीत कापून त्यांनी अकरा मिनिटांची केली. चहा गेला, दूध गेलं, कोंबडी गेली, हाक गेली. जात्याची घरघर निम्म्या चालीवर आणली, ती दूरच्या ढगासारखी गडगडू लागली. तिच्यावर काकूंचा तंबोरा आणि त्या दोन्हींवर गुणाबाईचा गळा. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी हे वाजवलं तेव्हा सारा मांडव माना डोलवत होता. त्या दिवशी लोकांनी मला हार घातला. खोटं सांगत नाही, खरा झेंडूचा हार!

त्याच आठवड्यात गुणाबाईचे यजमान, केरबा, हुरड्याची कणसं घेऊन गुरुजींकडं आले. खोलीच्या कोपऱ्यात कापलेल्या फितींचा ढीग पडला होता. उन्हात चमकत होता.

"गुरुजी, ह्या टाकूनच द्यायच्यात का?" केरबांनी विचारलं. "रानात बांधतो. वाऱ्यानं लई गुणगुणत्यात, पाखरं बसत न्हाईत."

"न्या की. खराबीच आहे ती," गुरुजी म्हणाले.

केरबांनी ढीग पिशवीत कोंबला. मी बघत राहिलो. गुणाबाईची सगळी बोलणी चिमण्या हाकलायला निघाली होती, आणि तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या जूनमध्ये सुकन्या पाचवीसाठी लातूरला आली आणि गुरुजींच्याच घरी राहिली. तिचाही गळा आईचाच होता. संध्याकाळी ती माझ्याशेजारी बसून ओव्या म्हणायची आणि मधूनच आईसारखी ओरडायची, "च्या घेता का?" काकू हसून हसून बेजार व्हायच्या. तीन वर्षं अशी सुरेल गेली.

मग १९९३ चा भूकंप झाला. सप्टेंबरच्या शेवटच्या दिवसाची पहाट, गणपती बोळवून माणसं निजलेली. लातुरात आमच्या घराची भिंत तडकली, मी टेबलावरून वीतभर सरकलो, एवढंच. किल्लारीकडची गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. केरबा जवारीची राखण करायला रानात निजले होते म्हणून वाचले. गुणाबाई घरात होती.

सुकन्या तेव्हा तेरा वर्षांची होती. ती कितीतरी दिवस बोललीच नाही. तिला बरं वाटेल म्हणून गुरुजींनी एका दुपारी तिला माझ्यासमोर बसवलं आणि ती अकरा मिनिटांची फीत लावली. जीव ओतून वाजवणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी केलं. ढग गडगडले, तंबोरा लागला, गुणाबाई गाऊ लागली. सुकन्या टक लावून माझ्या डोळ्याकडं बघत होती. पहिली ओवी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. फीत संपली आणि चकती नुसतीच फडफडत फिरत राहिली.

"ही आई न्हाई," सुकन्या म्हणाली.

"अगं, तिचाच आवाज आहे बाळ," काकू म्हणाल्या.

"आई अशी सलग कवाच गायली न्हाई. मधी मला हाक मारायची. मी तिथंच व्हते, मी जवाब दिला व्हता." तिनं माझ्याकडं बोट केलं. "ह्या मशीनला आईची हाक ऐकूच आली न्हाई."

मित्रांनो, मी बहिरा नव्हतो. मी सगळं ऐकलं होतं. चहा, दूध, कोंबडी, हाक, जवाब, सगळं! गुरुजींचा हात अजून माझ्या बटणावरच होता. ते आता बोलतील, मला वाटलं. ते बोलले नाहीत. जिची आई मातीखाली गेली त्या लेकराला कसं सांगायचं, की तुझ्या आईची हाक मी कापली आणि चिमण्यांपुढं बांधायला दिली? त्यांनी माझं झाकण लावलं. मी आतल्या आत ओरडत राहिलो आणि कुणाला काही कळलं नाही. त्या दिवसापासून सुकन्या कधी गायली नाही.

पुढची वर्षं मी माळ्यावर काढली. लातुरात शिकवण्यांचे दिवस आले होते. गावोगावची मुलं डॉक्टर व्हायला तिथं येऊ लागली, घराघराच्या भाड्याच्या खोल्या झाल्या. गुरुजींचे चिरंजीव राघवेंद्र यांनी संगीताच्या खोलीत लाकडी आडभिंती घालून चार मुलींची सोय केली. माझ्या डोक्यावर सराव-परीक्षांच्या पेपरांचे गठ्ठे आले. खालून दिवसभर पाठांतराची गुणगुण यायची. पेशी, प्रकाशकिरण, आम्ल, अल्कली. अर्धवट झोपेत मला ती जात्याच्या घरघरीसारखी वाटायची. वाटायचं, खाली कुणीतरी दळतंय. आता ओवी येईल. आता हाक येईल. मग कुणाचा तरी गजर वाजायचा आणि मी जागा व्हायचो. चकत्या फिरवणारे माझे रबरी पट्टे वाळून कडक झाले, पण त्या हाकेचा विसर मला पडला नाही.

सुकन्या मोठी झाली, नांदेड जिल्ह्यात नायगावला शिक्षिका झाली, तिचं लग्न झालं. हे सगळं मी वरूनच ऐकलं. आणि दोन वर्षांपूर्वी तिची मुलगी इरा शिकवणीसाठी लातूरला, त्याच घरात राहायला आली. चष्मेवाली, गप्प, पण नजर चौकस. त्या हिवाळ्यात तिला जुने पेपर हवे होते म्हणून ती माळ्यावर चढली. गठ्ठे उचलले आणि तिला मी दिसलो.

"आजोबा, हे काय आहे?" तिनं विचारलं. गुरुजी आता त्र्याऐंशी वर्षांचे झाले होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं. इरा हट्टी. राघवेंद्रांच्या मदतीनं तिनं मला खाली उतरवलं, पुसलं, झाकण उघडलं. माझ्या चकतीवर अकरा मिनिटांची फीत अजून तशीच होती.

"मम्मी वर्गात कवितासुद्धा नुसती वाचते, चाल लावत नाही," ती काकूंना सांगत होती. "गाणं म्हटलं की उठून जाते."

दोन दिवसांनी केरबाआबा नातीला बघायला आले. पंचाहत्तरीचे, तरी हुरडा आणायला विसरले नव्हते. त्यांनी माझ्या चकतीवरच्या फितीला बोट लावलं आणि सहज म्हणाले, "ही फीत माझ्याकडंबी हाय की."

गुरुजींच्या हातातली वाटी खाली पडली. "कोणती फीत?"

"तुमीच दिली व्हती न्हवं का, पाखरांसाठी. बारके बारके तुकडे व्हते. हिच्या आज्जीनं एकाला एक गाठी मारून लांबलचक दोरी केली व्हती. सुगी झाली की मी काठीला गुंडाळून रानातल्या खोपीत ठेवायचो. घर गेलं, खोप ऱ्हायली." आबांनी फितीवरून बोट फिरवलं. "मग न्हाई बांधली म्या कवा. तिच्या हातच्या गाठी हायत्या. पेटीत ठिवल्यात."

आबांनी ती जपली होती गाठींसाठी. आत आवाज आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि ज्याला आवाज ठाऊक होता त्यानं लाजेपायी कधी विचारलं नव्हतं. मला तो आवाजही ठाऊक होता आणि ती लाजही, पण मी मुका होतो.

पुढच्या रविवारी आबा ती फीत गुंडाळलेली काठी घेऊन आले आणि नायगावहून सुकन्याही आली. गुरुजी तिच्यासमोर उभे राहिले. तीस वर्षांपूर्वीचं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. सुकन्या ऐकत होती. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"तीस वर्षं, गुरुजी," ती म्हणाली. "तीस वर्षं मी ह्या बिचाऱ्या यंत्राला बहिरं म्हणत राहिले!" आणि ती उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसली.

काकू तिच्यामागं गेल्या नाहीत. त्या गुरुजींना म्हणाल्या, "बोलायचं तेव्हा गप्प बसलात. आता हात चालवा."

कूलर-मिक्सर दुरुस्त करणाऱ्या नरसिंग मिस्त्रींनी माझे पट्टे बदलले. शिलाई मशीनचा पट्टा कापून बसवला, पण बसला! माझा हिरवा डोळा हळूहळू उजळला. इरा एकेक गाठ सोडवू लागली. गाठीजवळची फीत चुरगळली होती, तरी "आवाज निघत असंल तर सुटू द्या, पर कापू नगा," म्हणत आबांनी एकही गाठ कापू दिली नाही. गुरुजी तुकडे जोडत होते. त्यांचा स्वतःचा तिरपा काप त्यांना ओळखू येत होता. जिथं टोक फाटलेलं होतं तिथं वाऱ्यानं काहीतरी नेलं होतं. तिथं ते हातभर कोरी फीत जोडत. "आता मी काही गाळणार नाही," ते इराला म्हणाले. "आणि जे गेलं त्याची जागाही बुजवणार नाही."

संध्याकाळ झाली. सुकन्या ओट्यावरून उठून दारात येऊन उभी राहिली. गुरुजींनी बटण दाबलं.

आधी नुसती खरखर झाली. मग, उन्हानं आणि वाऱ्यानं झिजलेली, पण तीच गुणाबाई. "गुरुजी, च्या घेता का? बिनदुधाचा हाय." केरबाआबांनी दचकून मागं वळून पाहिलं. जात्याचा एक वेढा ऐकू आला. "आता गं बया, दूध..." आणि खरखर. आबा फरशीवर खाली बसले आणि त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मी डोळा घट्ट मिटला होता. पुढं काय येणार आहे ते मला ठाऊक होतं. माझ्या जुन्या मोटारीला मी विनवत होतो, बाई, आता थांबू नकोस.

"सुकन्ये! ती कोंबडी पिठात शिरली बघ, हाकल की गं!"

आणि तिथंच फीत फाटलेली होती. पुढचा वीतभर तुकडा कुण्या वाऱ्यानं कधीच नेला होता. जवाब हरवला होता. कोरी फीत माझ्या हेडवरून सरकू लागली. खोली गप्प झाली, माझा डोळा उघडला.

"हाकलते गं आई," दारातून सुकन्या म्हणाली.

त्रेचाळीस वर्षांची बाई, पण आवाज नऊ वर्षांच्या पोरीचा. ती आत आली, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि रडत रडत हसू लागली. मग तिनं माझ्या झाकणावर हात ठेवला. "ऐकलं व्हतंस की रे तू," ती मला म्हणाली. मित्रांनो, झेंडूच्या हारापेक्षा तो हात मला मोलाचा वाटला.

आता मी सुकन्याच्या घरी, नायगावला आहे. गुरुजींनी कापलेले तुकडे ओव्यांच्या मधल्या आपापल्या जागी परत बसवून दिले. आता गुणाबाई गाते, थांबते, चहाचं विचारते, पुन्हा गाते. रविवारी सुकन्या मला लावते आणि तिसऱ्या ओवीपाशी घरातली सगळी गप्प होतात, कारण तिथला जवाब तिनंच द्यायचा असतो. चौथी ओवी ती आईबरोबर गाते. मग चालीवरच्या कवितांचा सराव करते, सोमवारच्या वर्गासाठी.

माझा पट्टा पुन्हा कधी तुटेल, सांगता येत नाही. मला त्याची भीती नाही. तुमच्याकडं मात्र एक मागणं आहे. तुमच्या खिशात आता माझ्याहून हुशार यंत्रं आहेत. घरातली माणसं बोलत असतील तेव्हा कधीतरी ती चालू ठेवा. आई मध्येच ओरडली, कुकरची शिट्टी झाली, कुणी तुम्हाला कामाला हाक मारली, तर ते पुसू नका. आणि हाक आली की आधी ओ द्या.